चिंच, राख आणि रिठा

दिवाळी आठवड्यावर आली की माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली उतरतात. घागर, कळशी, समई, पातेली, ताम्हन. सारी वर्षभर अंधारात पडून काळवंडलेली असतात. आजी भिजवलेल्या चिंचेचा चोथा हातात घेते, त्यावर चिमूटभर मीठ टाकते आणि घागरीवर फिरवू लागते. चोथा जेथून फिरतो तेथून काळपणा निघतो आणि तांब्याचा मूळचा तांबूस रंग वर येतो. जोर लावावा लागत नाही. जणू चिंच आणि तांबे यांची जुनी ओळखच असावी.

अशाच एका दिवाळीतली गोष्ट. घासूनपुसून ठेवलेले एक पितळी पातेले आतूनही लख्ख दिसत होते. धाकट्या नातवाने त्यात सकाळचे उरलेले ताक ओतून झाकून ठेवले. संध्याकाळी आजीने झाकण काढले, तर ताकाला हिरवट छटा आलेली आणि चमत्कारिक वास.

"अरे, हे तर कळकलं! कुणी तोंडाला लावू नका. आधी ओतून द्या," आजी म्हणाली.

सकाळी आंबट चिंचेने भांडे उजळले आणि संध्याकाळी भांड्याने आंबट ताक बिघडवले. या दोन निराळ्या घटना आहेत असे आपल्याला वाटते. परंतु रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही ठिकाणी घडले ते एकच. ते काय, हे एकदा नीट समजले, म्हणजे घरातील कोणती वस्तू कशाने स्वच्छ करावी आणि कशाने करू नये, हे पाठ करावे लागत नाही. ते आपले आपल्याला सांगता येते.

काळपणा येतो कोठून?

तांब्यावरील काळपणा म्हणजे बाहेरून येऊन बसलेली धूळ नव्हे. तो तांब्यापासूनच तयार होतो. हवेतील ऑक्सिजनशी तांब्याचा संयोग होऊन त्याची ऑक्साईडे बनतात. त्यांपैकी एक तांबडे असते, तर दुसरे काळे. हवेत गंधकाची संयुगे असतील तर काळे सल्फाईडही बनते. दमट हवेत पाणी आणि कार्बन डाय-ऑक्साईड यांच्यामुळे हिरवा थर चढतो. पावसाळ्यात कोनाड्यात विसरलेल्या तांब्याच्या पळीवर हा हिरवा रंग तुम्ही पाहिला असेल. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे संमिश्र. त्यामुळे पितळही असेच काळवंडते.

हा थर साध्या पाण्यात विरघळत नाही. साबणानेही तो जात नाही, कारण साबणाचे काम तेलकट मळ काढण्याचे. येथे तेल नाहीच. येथे धातूचे ऑक्साईड आहे आणि धातूच्या ऑक्साईडावर उपाय आम्लाचा.

चिंच काय करते?

चिंचेच्या गरात टार्टारिक आम्ल भरपूर असते. दर शंभर ग्रॅम गरात साधारण ८ ते १८ ग्रॅम. म्हणूनच मराठीत या आम्लाला चिंचाम्ल असेही नाव आहे. कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञाने १७६९ साली ते प्रथम वेगळे केले. ते मात्र चिंचेतून नव्हे, तर द्राक्षाच्या मद्याच्या पिंपात तळाशी बसणाऱ्या खड्यांतून. पुढे १७८४ साली त्यानेच लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल मिळवले. लिंबाच्या रसात हे आम्ल शेकडा ५ ते ६ इतके असते.

चिंच चोळताना घडणारी अभिक्रिया शब्दांत अशी मांडता येईल :

कॉपर ऑक्साईड + टार्टारिक आम्ल → तांब्याचा क्षार + पाणी

हा क्षार काही प्रमाणात विरघळतो, काही चोथ्याबरोबर पुसला जातो. खाली उरते ते स्वच्छ तांबे. मग मीठ कशाला? मिठाचे खडे घर्षणाला मदत करतात हे एक. दुसरे असे, की मिठातील क्लोराईड तांब्याशी जोडले जाऊन त्याला विरघळायला मदत करते. चिंचेच्या जोडीला मीठ घेणाऱ्या पहिल्या बाईला यातले काही ठाऊक नव्हते. पण तिचे निरीक्षण पक्के होते.

कोकणात चिंचेऐवजी आमसुलाचे पाणी किंवा बिंबलीची फळे वापरतात. बिंबलीत ऑक्झॅलिक आम्ल मोठ्या प्रमाणात असते. विळीच्या पात्यावरील गंजही त्याने निघतो, कारण गंज म्हणजे लोखंडाचे ऑक्साईडच.

येथे एक प्रश्न विचारायला हवा. आम्लाने ऑक्साईड गेले. मग ते तांब्यालाही का खात नाही? याचे कारण धातूंच्या क्रियाशीलतेच्या क्रमात सापडते. त्या क्रमात तांबे हायड्रोजनच्या खाली आहे. त्यामुळे सौम्य आम्ले एकटीने शुद्ध तांब्याला विरघळवू शकत नाहीत. जस्त मात्र हायड्रोजनच्या वर आहे. म्हणून पितळी भांड्याला चिंच किंवा लिंबू लावून तासन् तास तसेच ठेवले, तर पृष्ठभागावरचे जस्त आधी जाऊ लागते आणि पिवळ्या पितळेवर गुलाबी डाग उमटतात. चिंच लावावी, चोळावी आणि लगेच धुवून टाकावी ही रीत त्यासाठीच. धुतल्यावर भांडे कोरड्या फडक्याने पुसणेही तितकेच महत्त्वाचे. अंगावर आम्लाचा अंश आणि ओल राहिली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग दिसतात.

ताक का कळकले?

आता संध्याकाळच्या ताकाकडे वळू. ताकात लॅक्टिक आम्ल असते. सौम्य आम्ल एकटे तांब्याला विरघळवत नाही, हे आपण पाहिले. पण पातेल्यात ते एकटे नव्हते, हवा होती. हवेतील ऑक्सिजन धातूवर ऑक्साईडचा पातळ थर बनवीत राहिला आणि ताकातले आम्ल तो थर विरघळवीत राहिले. थर बनायचा, विरघळायचा, पुन्हा बनायचा. काही तासांत तांब्याचे क्षार ताकात उतरले. ताकाला आलेला हिरवेपणा त्यांचाच.

घागर घासताना आपण हेच क्षार पाण्याबरोबर मोरीत सोडून देतो. ताकात ते राहिले तर पोटात जातात. तांबे शरीराला अगदी अल्प प्रमाणात आवश्यक आहे. परंतु प्रमाण वाढले की मळमळ, उलट्या, पोटात कळा असा त्रास होतो. थोडक्यात, भांडे उजळणारी आणि ताक कळकवणारी अभिक्रिया एकच. एकीत क्षार फेकून दिले जातात आणि दुसरीत ते अन्नात उरतात, एवढाच फरक.

कल्हई असते ती यासाठी. कल्हईवाला भांडे तापवतो, त्यात नवसागराची पूड टाकून कापसाने फिरवतो. पांढरा धूर निघतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. तापल्यावर त्यातून सुटणारे हायड्रोजन क्लोराईड धातूवरील ऑक्साईड काढून टाकते. म्हणजे येथेही पुन्हा आम्लाचेच काम! मग तो कथलाची कांडी टेकवतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि स्वच्छ झालेल्या धातूवर चांदीसारखे पसरते. या थरामुळे आंबट पदार्थ आणि तांबे यांची गाठ पडत नाही. कथील शुद्ध हवे. त्यात शिशाची भेसळ असेल तर संरक्षणाऐवजी विषबाधाच पदरात पडेल.

यावरून दोन गोष्टी निघतात. कल्हईचे भांडे आतून चिंचेने किंवा राखेने खसाखसा घासू नये. तो पातळ थर झिजून जातो. आणि कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट काही ठेवू नये. आज कल्हईवाला दारावर क्वचितच येतो, पण तांब्याच्या बाटलीत पाणी भरून नेण्याची चाल मात्र पुन्हा आली आहे. त्या बाटलीत लिंबाचे सरबत किंवा कोकम सरबत भरले तर काय होईल, हे आता तुम्हीच सांगू शकाल.

राखेचा गुण

तांब्याला आम्ल लागते. तेलकट कढईला मात्र उलट्या स्वभावाचा पदार्थ लागतो. पूर्वी घरोघर चुलीतली राख आणि नारळाची शेंडी एवढ्यावर भांडी निघत. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. राख पाण्यात कालवून गाळली की ते पाण्यात उतरते आणि ते पाणी बोटांना बुळबुळीत लागते. हा अल्कांचा खास गुण. असे अल्कधर्मी पाणी तेलाचे बारीक थेंब करून त्यांना भांड्यापासून सुटे करते; तेल खवट झाले असेल तर त्यातील मेदाम्लांशी संयोग होऊन थोडा साबणही जागच्या जागी तयार होतो. शिवाय राखेतील बारीक, कठीण कण घासण्याचे काम करतात.

या राखेचे रसायनशास्त्रावर मोठे ऋण आहे. युरोपात राखेचे पाणी भांड्यांत आटवून जो पदार्थ मिळत असे त्याला पॉटॅश, म्हणजे 'भांड्यातली राख', म्हणत. सर हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ साली पॉटॅशमधून विजेचा प्रवाह सोडून एक नवा धातू मिळवला आणि त्याला पोटॅशियम हे नाव दिले. अल्कली हा शब्दही राखेच्या अरबी नावावरून आलेला आहे.

पण राख ॲल्युमिनियमच्या पातेल्याला चालत नाही. ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साईडचा एक पातळ, घट्ट थर असतो. तोच त्याचे हवेपासून रक्षण करतो. हा थर अल्कात विरघळतो. म्हणून राख किंवा धुण्याचा सोडा वापरला की पातेले निस्तेज आणि काळपट होते. ते उजळायचे असेल तर पाण्यात लिंबाची साले किंवा चिंच घालून थोडा वेळ उकळावे. मात्र आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या भांड्यात साठवून ठेवू नयेत. नियम तोच : घासायला आंबट चालेल, साठवायला नाही.

रिठ्याचा फेस

काही वस्तूंना आम्ल सोसत नाही आणि अल्कही सोसत नाही. रेशमी वस्त्र, मोत्याचे दागिने, लोकरीची शाल ही त्यांतली. त्यांच्यासाठी रिठा. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे पदार्थ असतात. सॅपोनिनच्या रेणूचे एक टोक साखरेचे असते. ते पाण्याकडे ओढ घेते. दुसरे टोक तेलाकडे ओढ घेते. त्यामुळे हा रेणू तेल आणि पाणी यांच्यामध्ये दुवा बनून मळ उचलतो आणि पाण्याचा पृष्ठताण कमी करून फेस आणतो. साबणाचेही तंत्र हेच. परंतु कठीण पाण्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका बनतो, तसा रिठ्याचा बनत नाही. रिठ्याच्या झाडाच्या शास्त्रीय नावातील 'सॅपिंडस' या शब्दाचा अर्थच 'भारतीय साबण' असा आहे.

चांदीला चिंच का चालत नाही?

चांदीची वाटी काळी पडते ती ऑक्साईडमुळे नव्हे, तर सिल्व्हर सल्फाईडमुळे. हे संयुग इतके अविद्राव्य आहे, की चिंच-लिंबाची सौम्य आम्ले त्याला हलवू शकत नाहीत. रांगोळीने किंवा खडूच्या पुडीने घासले तर काळपणा जातो खरा, पण त्याबरोबर दर वेळी थोडी चांदीही जाते.

यावर एक सुंदर उपाय आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर किंवा वर्खावर चांदीची वाटी टेकवून ठेवा आणि ती बुडेल इतके गरम पाणी ओतून त्यात खाण्याचा सोडा घाला. सोडा ॲल्युमिनियमवरील ऑक्साईडचा थर काढतो. मग ॲल्युमिनियम आणि चांदी यांची एक छोटी विद्युत्घटमाला तयार होते आणि सल्फाईडमधील चांदी पुन्हा चांदी होऊन जागेवर बसते. सडक्या अंड्यासारखा किंचित वास आला तर तो हायड्रोजन सल्फाईडचा, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. खडे बसवलेले दागिने किंवा नक्षीत मुद्दाम काळेपणा राखलेल्या वस्तू यात घालू नयेत.

ओटा, फरशी आणि लाकूड

लिंबाने सारे उजळते असे समजून कोणी स्वयंपाकघराचा कडप्प्याचा ओटा लिंबाने पुसला, तर त्यावर पांढुरके, निस्तेज डाग पडतील. कडप्पा, शहाबाद, कोटा या फरश्या चुनखडकाच्या आणि संगमरवर हे त्याचेच बदललेले रूप. या सर्वांत मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडले की त्यातून कार्बन डाय-ऑक्साईडचे बुडबुडे निघतात आणि दगडाची झिलई खाल्ली जाते. मोझेकच्या फरशीतही संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असते. तिचीही तीच गत. अशा दगडांना रिठ्याचे किंवा सौम्य साबणाचे पाणी पुरे.

मात्र नळावर, बादलीत किंवा पाणी तापवण्याच्या भांड्यात कठीण पाण्यामुळे जो पांढरा थर साचतो, तोही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. तेथे हीच अभिक्रिया आपल्या उपयोगी पडते. लिंबू किंवा व्हिनेगर लावले की थर सुटतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून वापरावे असे पुष्कळदा सांगितले जाते. बुडबुडे भरपूर येतात, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना निष्प्रभ करून टाकतात. ज्याचे जेथे काम तेथे त्याला एकट्याला वापरणे शहाणपणाचे.

लाकडी देवघराला किंवा पाटाला झिलई आणायला जवसाचे तेल उत्तम. ते नुसते वाळत नाही. हवेतील ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि लाकडावर टिकाऊ पापुद्रा बनतो. खोबरेल तेलाचे असे होत नाही. ते ओलेच राहते आणि त्यावर धूळ बसते. मात्र जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर ती उष्णता आत साठून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या जागी पसरून वाळवावीत.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. झाडापासून मिळालेले ते सारे निरुपद्रवी, असा अनेकांचा समज असतो. आपल्या यादीकडेच पाहा. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर आग होते आणि माशांना तर ते विषारी असते. ते तळ्यात किंवा ओढ्यात ओतू नये. बिंबलीचा रस जास्त प्रमाणात पोटात गेला तर त्यातील ऑक्झॅलिक आम्ल मूत्रपिंडांना इजा करते. जवसाच्या फडक्यांची गोष्ट वर आलीच आहे.

सर्वांत मोठा धोका मिसळण्यात आहे. मोरी धुण्यासाठी ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण टाकलेले असताना त्यावर कोणतेही आम्ल, अगदी लिंबाचा रस किंवा व्हिनेगरसुद्धा ओतू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र येथे २२ एप्रिल १९१५ रोजी सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. लहानशा बंद न्हाणीघरात थोडासा क्लोरीनही छातीला धोकादायक ठरतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तरी विषारी वायू निघतात.

म्हणून पदार्थ नैसर्गिक आहे की कारखान्यातला, हा पहिला प्रश्न नव्हे. पहिले प्रश्न तीन : मळ कशाचा आहे? खालचा पृष्ठभाग कशाचा आहे? आणि निघालेला मळ जाणार कोठे? या तिन्हींची उत्तरे ज्याला देता येतील, त्याला चिंच, राख आणि रिठा पुष्कळ कामांना पुरतील.

करून पाहा

१. शुद्ध तांब्याच्या तारेचे पाच सारखे तुकडे घ्या. तारेवर आवरण असेल तर ते आधी सोलून काढा. शिक्षकांच्या देखरेखीखाली तुकडे चिमट्यात धरून ज्योतीवर काळे होईपर्यंत तापवा आणि थंड होऊ द्या. पाच काचेच्या वाट्यांत साधे पाणी, चिंचेचा कोळ, लिंबाचा रस, राखेचे गाळलेले पाणी आणि रिठ्याचे पाणी घ्या. प्रत्येकीत एक तुकडा टाका. दहा मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने काय दिसते ते वहीत लिहा. काळा थर कोठे गेला? कोठे राहिला?

२. टीपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. त्यांवर वरील प्रत्येक द्रवाचा एकेक थेंब टाका. राखेच्या पाण्याने पट्टी लाल होईल. हळदीपासून कुंकू बनवतात ते हळदीच्या याच गुणावर. मग जास्वंदीच्या पाकळ्या पाण्यात उकळून तेच करून पाहा. चिंचेने कोणता रंग आला? राखेने कोणता?

३. फरशीच्या दुकानाबाहेर पडलेले निरनिराळे तुकडे गोळा करा. प्रत्येकावर लिंबाचे दोन थेंब टाकून भिंगातून पाहा. बुडबुडे आले तर तो दगड कोणत्या कुळातला, हे तुम्हाला आता ठाऊक आहे.

प्रयोगातील द्रव कोणीही चाखू नयेत आणि प्रयोग संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

आजीला टार्टारिक आम्लाचे नाव माहीत नव्हते, क्रियाशीलतेचा क्रमही नाही. पण चिंच बाहेरून, कल्हई आतून, आणि धुतलेले भांडे लगेच पुसायचे, हे नियम ती कटाक्षाने पाळत होती. या नियमांमागचे कारण आता तुमच्या हाती आले आहे. यंदा माळ्यावरची भांडी खाली उतरतील तेव्हा घासायला तुम्हीही बसा, आणि धाकट्या भावंडांना ताक कोठे ठेवायचे नाही तेही सांगा.